नाईलकाठची वाटणी

गेल्या वैशाखात आमच्या भावकीत वाटणी झाली. मोजणीदार आला, जुन्या निशाण्या शोधल्या गेल्या, चुन्याच्या रेघा पडल्या आणि दुपारच्या जेवणापर्यंत आठ एकरांचे चार तुकडे झाले. आजोबांच्या नावावर चोवीस एकर होते. त्यांना तीन मुलगे, म्हणून आमच्या वडिलांकडे आठ आले. आम्ही चौघे भाऊ, म्हणून प्रत्येकाला दोन. माझ्या दोन मुलांच्या वाट्याला पुढे काय येणार, हे सांगायला जोशीबुवा नको. जमीन तोडता आली, पण विहीर कशी तोडणार? तिचे सातबाऱ्यावर चार-चार आणे मांडले आणि पाण्याच्या पाळ्या ठरवून घेतल्या. भांडण झाले नाही, हे नशीब. आई ओट्यावर बसून सगळे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, "विहीर तीच राहिली, पोहरे वाढले."

वाचकहो, ही काही आमच्या एकट्या घरची गोष्ट नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात एका खात्यामागे सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. तुमच्या गावच्या तलाठ्याचे दप्तर उघडले तरी हेच दिसेल.

आता हाच हिशोब सगळ्या जगाचा मांडून पाहा. पृथ्वीवरची माणसे शंभर कोटी व्हायला इसवी सन १८०० उलटून जावे लागले. दोनशे कोटी झाली ती १९२७ च्या सुमारास आणि तीनशे कोटी १९६० मध्ये. पुढे मात्र वेग आला. १९७४ मध्ये चारशे, १९८७ मध्ये पाचशे, १९९९ मध्ये सहाशे, २०११ मध्ये सातशे, आणि १५ नोव्हेंबर २०२२ या दिवशी आठशे कोटी झाल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. बारा-तेरा वर्षांत एकेक शंभर कोटी! एवढ्या अवधीत नांगराखालची जमीन वाढली ती किरकोळच. १९६० च्या सुमारास जगात दर माणशी सुमारे पंचेचाळीस गुंठे लागवडीची जमीन पडत होती. आज वीस गुंठे पडते. आपल्या भारतापुरते बोलायचे तर दहा.

बरे, ही माणसे एवढी वाढली कशी? लोकांना पूर्वीपेक्षा जास्त मुले होऊ लागली म्हणून, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आमच्या आजीला नऊ झाली, त्यांतली पाच जगली. आईला आम्ही सहा झालो आणि सहाही जगलो. देवी गेली, पटकी आटोक्यात आली, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली. माणसे जास्त जन्मली म्हणून नव्हे, तर कमी मेली म्हणून जग भरले. ही आनंदाचीच गोष्ट आहे, आणि तिला कोणी संकट म्हणू लागला तर त्याला आमच्या आजीच्या गेलेल्या चौघांची आठवण करून द्यावी.

पण मोठे आकडे डोक्यात टिकत नाहीत. म्हणून आपण एकच देश घेऊ, जिथे हा सगळा हिशोब एका नदीच्या काठावर उघडा मांडून ठेवल्यासारखा दिसतो. तो देश म्हणजे इजिप्त, आपल्या जुन्या पुस्तकांतला मिसर देश.

चोवीस किरातांचा संसार

नकाशात पाहाल तर इजिप्त महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठा. पण बहुतेक सगळे वाळवंट. पाऊस नावालाच. दक्षिणेकडून नाईल नदी येते, तिच्या दोन्ही काठांना हिरवी पट्टी, आणि समुद्राजवळ ती पंख्यासारखी पसरते तो त्रिभुज प्रदेश. शेती काय ती एवढ्यातच. देशाच्या शंभर एकरांत चार-पाच एकर पिकाखाली, बाकी रेती. सगळा देश त्या चार-पाच एकरांवर जगतो.

तिथल्या शेतकऱ्याला फल्लाह म्हणतात. त्याची जमीन फेद्दानमध्ये मोजतात. एक फेद्दान म्हणजे आपल्या एकराहून किंचित जास्त. फेद्दानचे भाग चोवीस, एकेका भागाला किरात म्हणतात, म्हणजे आपले पावणेदोन गुंठे. आपण सोळा आणे खरे म्हणतो तसे तिथे एखादी गोष्ट चोख असली तर ती चोवीस किरात. आपल्या घरच्या मायबहिणींना हा शब्द अनोळखी वाटायला नको. सोन्याचा चोवीस कॅरट हा त्याच शब्दाचा भाऊ. आणि हिवाळ्यात दुभत्या जनावरांना आपण जे बरसीम घालतो, ते पीक नावासकट त्या फल्लाहकडूनच आपल्याकडे आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सिंधमध्ये आणले गेले आणि तिथून पुढे पसरले.

१८९७ मध्ये इजिप्तची शिरगणती झाली तेव्हा माणसे होती ९७ लाख आणि लागवडीची जमीन जवळजवळ पन्नास लाख फेद्दान. म्हणजे दर माणशी अर्धा फेद्दान, आपल्या मापाने एकवीस गुंठे. १९४७ मध्ये माणसे झाली एक कोटी नव्वद लाख. १९७६ मध्ये साडेतीन कोटींच्या पुढे. फेब्रुवारी २०२० मध्ये दहा कोटी. आज दहा कोटी सत्तर-ऐंशी लाखांच्या घरात आहेत. मधल्या काळात त्यांनी वाळवंट फोडून जमीन जवळजवळ दुप्पट केली. तरीही आज माणशी किती पडते? चारएक गुंठे. आपल्याकडे एवढ्या जागेत एखादा शहाणा माणूस गोठा आणि परसबाग करील.

आमच्या वाटणीत दोघी बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कायद्याने त्यांचा वाटा होता, तरी माहेरचा उंबरा तुटू नये म्हणून केल्या, हे मला ठाऊक आहे आणि ते मनाला लागूनही आहे. इजिप्तमध्ये धर्मशास्त्राप्रमाणे मुलीला मुलाच्या निम्मा वाटा. पण पुष्कळ घरी तोही तिच्या हाती पडत नसे. शेवटी २०१७ मध्ये वारसाचा वाटा अडवणाऱ्याला कैद आणि दंड, असा कायदा तिथे करावा लागला. जमीन आक्रसू लागली की घरातल्या सगळ्यांत मऊ माणसाचा वाटा आधी जातो. देश कोणताही असो.

आता एक दृश्य डोळ्यांपुढे आणा. त्रिभुज प्रदेशातले खेडे. मातीची जुनी घरे जाऊन लाल विटांची, कॉंक्रीटच्या खांबांची घरे उभी राहिली आहेत. जवळजवळ प्रत्येक घराच्या गच्चीवर लोखंडी सळया आभाळाकडे तोंड करून उभ्या. घर अपुरे राहिलेले नाही. थोरल्याचे लग्न होईल तेव्हा एक मजला चढेल, धाकट्याच्या लग्नात दुसरा. जमीन वाढत नाही म्हणून घर वर वाढते. पण बाजूलाही वाढतेच. विटांसाठी शेतातली वरची काळी माती खरवडून भट्ट्यांना विकली जाऊ लागली, तेव्हा १९८३ मध्ये सरकारने त्याला कायद्याने बंदी केली. शेतात घर बांधायलाही बंदी आहे. पण २०११ च्या उठावानंतर सरकारचा धाक सुटला आणि हिरव्या पट्टीत रातोरात भिंती चढल्या. हजारो वर्षांच्या गाळाने झालेली जमीन चार रात्रींत विटांखाली गेली. बांधणाऱ्याला तरी किती दोष द्यावा? पोराचे लग्न थांबत नाही.

धरण आले, गाळ राहिला मागे

इंग्लंडमध्ये माल्थस नावाचा एक विद्वान होऊन गेला. अन्नापेक्षा माणसे वेगाने वाढतात, तेव्हा उपासमार अटळ आहे, असे त्याने १७९८ मध्ये लिहिले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात प्राध्यापक झाला, म्हणजे आपल्यावर राज्य करायला आलेले कितीतरी गोरे साहेब त्याच्या हाताखालून शिकून आले. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या पॉल अर्लिक यांनी तेच भाकीत पुन्हा केले, की सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरतील. तसे झाले नाही. दुष्काळ पडले, माणसे हालात काढली, आपण १९७२ मध्ये मिलो खाल्ली आणि खडी फोडली, पण भाकितातला प्रलय आला नाही.

का आला नाही, ते नाईलकाठी नीट दिसते. पूर्वी नाईलला दरवर्षी पूर येई. शेते पाण्याखाली जात, पूर ओसरला की मागे गाळ राही, त्यावर वर्षाचे एक पीक. खत घालायची गरज फारशी पडत नसे. माणसे वाढली तसे एका पिकावर भागेना. मग कालवे आले, बंधारे आले आणि १९६० ते १९७० या काळात अस्वानचे उंच धरण झाले. आपल्या कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावते. अस्वानच्या जलाशयात अशा पन्नासांहून अधिक कोयना बसतील. १९५९ मध्ये सुदानशी करार झाला, त्यात इजिप्तच्या वाट्याला वर्षाला ५५.५ अब्ज घनमीटर पाणी आले. टीएमसीत सांगायचे तर १,९६०. बारमाही पाणी मिळाले आणि फल्लाह एकाच तुकड्यात दोन-दोन, तीन-तीन पिके घेऊ लागला. गहू उठला की मका नाहीतर भात, मध्ये बरसीम.

पण धरणाने पाण्याबरोबर गाळही अडवला. ज्या शेताला नदी फुकट जेवू घालत होती, त्याला आता पोत्यातून जेवू घालावे लागले. हवेतल्या नत्रापासून अमोनिया करण्याची रीत जर्मनीत फ्रित्स हाबर यांनी १९०९ मध्ये शोधली आणि १९१३ मध्ये तिचा पहिला मोठा कारखाना निघाला. युरिया त्याच रीतीचे लेकरू. आज जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांचे अन्न या कारखानी नत्रावर पिकते, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. माणशी जमीन पंचेचाळीस गुंठ्यांवरून वीसवर आली तरी ताट रिकामे राहिले नाही, याचे मोठे कारण हे. दुसरे कारण म्हणजे बुटक्या गव्हाच्या जाती. त्यासाठी नॉर्मन बोरलॉग यांना १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

इजिप्तचा शेतकरी आज गव्हाचे एकरी सरासरी पंचवीस क्विंटलांहून जास्त पीक काढतो. आपल्या देशाची सरासरी चौदा-पंधराच्या आसपास आहे. तेव्हा त्याला कोणी आळशी म्हणू नये. खत मात्र तो इतके टाकतो, की जगात सर्वांत जास्त खत वापरणाऱ्या देशांत त्याचा नंबर लागतो. बारमाही पाण्याने जमिनीत क्षार वर आले, म्हणून लाखो एकरांत जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्या घालाव्या लागल्या. कृष्णाकाठच्या वाचकांना हे दुखणे समजावून सांगायला नको. तिकडे समुद्रकाठी नवा गाळ येत नाही म्हणून किनारा खचतो आणि खारे पाणी आत सरकते.

आणि युरिया कशापासून होतो? नैसर्गिक वायूपासून. जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराण यांचे युद्ध पेटले. इस्राएलकडून इजिप्तला नळाने येणारा वायू थांबला आणि इजिप्तचे युरियाचे कारखाने बंद पडले. जगाच्या बाजारात युरियाचा भाव चढला. एका फेद्दानाच्या मालकाने ना इस्राएल पाहिला ना इराण, पण त्याच्या मक्याची वाढ तिथे अडकली होती.

वाचकहो, मला सांगायचे आहे ते हेच. माल्थसने सांगितली तशी माणसे अन्नावाचून मेली नाहीत. झाले ते वेगळे. वाटा जसजसा लहान झाला, तसतसा तो ताणून पुरा करण्यासाठी कुठून ना कुठून दोरी बांधावी लागली. एक दोरी धरणाला, एक वायूच्या नळाला, एक परदेशच्या गव्हाला, एक परगावी गेलेल्या मुलाला. एकवीस गुंठ्यांचा धनी गरीब होता, पण त्याचे बरेवाईट नदीच्या हाती होते. चार गुंठ्यांच्या धन्याचे बरेवाईट दहा ठिकाणी वाटले गेले आहे.

भाकरी लहान झाली

इजिप्तमध्ये भाकरीसारख्या गोल रोटीला ऐश म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थ जगणे. आपण चैन करण्याला ऐश म्हणतो, तोच हा शब्द. जे तिथे जगणे, ते आपल्याकडे चैन झाले. असो.

ही रोटी सरकार स्वस्तात देते. सुमारे सात कोटी लोक ती खातात, माणशी रोज पाच. जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारने पीठ, तांदूळ, तेल यांच्यावरची सूट काढायचे ठरवले. दुसऱ्या दिवशी शहराशहरांत लोक रस्त्यावर आले. लष्कर बोलवावे लागले, कित्येक माणसे मेली, आणि दोन दिवसांत सरकारने हुकूम मागे घेतला. तेव्हापासून तिथल्या प्रत्येक सरकारला रोटीची धास्ती. भाव वाढवता येईना, म्हणून वजन घटवले. आधी १३० ग्रॅमची रोटी होती, ती ११० ची झाली, २०२० मध्ये ९० ची. भाव पाच पियास्तर होता, पियास्तर म्हणजे त्यांचा पैसा. तो भाव तीस वर्षांहून जास्त काळ तसाच ठेवला आणि १ जून २०२४ पासून एकदम वीस केला. रोटी वीस पियास्तरलाही सरकारला परवडत नाहीच.

कारण एवढे पिकवूनही लागणाऱ्या गव्हातला निम्म्याच्या आसपास गहू बाहेरून आणावा लागतो. वर्षाला एक कोटी टनांच्या वर. तो बहुतेक रशिया आणि युक्रेन या दोन देशांतून येई. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या दोघांतच लढाई जुंपली. इजिप्तने घाईघाईने दुसरी दारे ठोठावली. एप्रिलमध्ये आपल्या भारताचा गहू घ्यायचे मान्य केले. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे उत्तरेत उष्णतेची लाट आली, गव्हाचा दाणा बारीक पडला, आणि १३ मे रोजी आपल्या सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. त्या वेळी कांडला बंदरात इजिप्तसाठी एक जहाज भरत होते. ६१,५०० टनांचा माल. निम्म्याहून जास्त गहू चढला होता आणि बंदी आली. इजिप्त सरकारने विनंती केली, तेव्हा चार दिवसांनी त्या जहाजाला सूट मिळाली. पंजाबातल्या शेतात मार्चचे ऊन चार अंश वाढले, तर कैरोच्या बाईची रोटी अडते. हा आजचा शेजार आहे.

चौथी दोरी मुलांची. १९७० नंतर तेलाचा पैसा वाढला तसे इजिप्तच्या खेड्यांतले तरुण लिबिया, सौदी, इराक, कुवेत इकडे गेले. त्यांच्याच पैशांनी त्या लाल विटा आल्या. मागे शेती, म्हैस, म्हातारे सासू-सासरे आणि पोरे यांचा भार बाईवर. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा लाखो जण एका वळकटीनिशी परत आले. परदेशातल्या मुलांनी पाठवलेला पैसा हे आज त्या देशाच्या परकी चलनाच्या सगळ्यांत मोठ्या साधनांपैकी एक आहे. कोकणातल्या मनिऑर्डरीवर वाढलेल्या वाचकांना यात नवे काय सांगावे?

वरच्या अंगाचा शेजारी

आता पाण्याकडे वळू. १९५९ चा करार झाला तेव्हा इजिप्तची वस्ती अडीच कोटींच्या थोडी वर होती. माणशी वर्षाला एकवीसशे घनमीटर पाणी पडे. आज तेच पाणी दहा कोटी सत्तर लाखांत वाटले तर माणशी पाचशेच्या थोडे वर. हजार घनमीटरांच्या खाली गेला की तो देश पाण्याने गरीब, असा जगाचा मापदंड आहे. पाचशे घनमीटर म्हणजे पाच लाख लिटर. मोकाट पाण्यावरचा एक एकर ऊस वर्षाला पाऊण ते एक कोटी लिटर पितो. म्हणजे पंधरा-वीस माणसांच्या सगळ्या वर्षाचे पिणे, धुणे, शेती, कारखाने यांचे पाणी. मी उसाचा वैरी नाही. माझ्या चार आण्यांच्या विहिरीवरही दहा गुंठे उभा आहे. पण आकडा मांडला तेव्हा मी जरा गप्प झालो, हे खरे.

इजिप्तने भाताच्या क्षेत्रावर मर्यादा घातली, जास्त लावेल त्याला दंड. गटारांचे आणि निचऱ्याचे पाणी शुद्ध करून पुन्हा शेतीला देण्याचे प्रचंड कारखाने उभारले. त्याच वेळी वाळवंटात धनिकांच्या वसाहती, हिरवळीची मैदाने आणि परदेशी पाठवायच्या संत्र्यांच्या बागाही वाढल्या. तेव्हा पाण्याची टंचाई फक्त डोक्यांच्या संख्येने होते, असे कोणी सांगितले तर निम्मेच मानावे. कोणाचे डोके किती पाणी ओढते, हेही पाहिले पाहिजे.

नाईलचे अस्वानला येणारे बहुतेक पाणी, शंभरातले पंच्याऐंशी हिस्से, इथिओपियाच्या डोंगरांतून येते. १९५९ च्या करारात इथिओपियाला कोणी विचारलेसुद्धा नव्हते. तेव्हा तो दोन-सव्वादोन कोटींचा देश होता. आज तेरा कोटींच्या वर आहे. १९८४-८५ मध्ये तिथे जो दुष्काळ पडला त्याची छायाचित्रे पाहून सगळे जग हळहळले होते. आपल्या डोंगरांतून पाणी वाहून जाते आणि आपल्याच घरात दिवा नाही, हे त्यांना सलत होते. एप्रिल २०११ मध्ये त्यांनी निळ्या नाईलवर धरणाचा पाया घातला. मास्तरांनी, कारकुनांनी, फेरीवाल्यांनी रोखे विकत घेऊन पैसा उभा केला. ९ सप्टेंबर २०२५ रोजी धरणाचे उद्घाटन झाले. कोयनेच्या पंचवीसपट साठा. वीज मुख्य, पाणी पुढे सोडायचेच आहे, असे इथिओपिया म्हणतो. दुष्काळाच्या वर्षी किती सोडणार ते लिहून द्या, असे इजिप्त म्हणतो. उद्घाटन झाले तरी तसा करार झालेला नव्हता. नाशिक-नगर आणि जायकवाडी यांचे भांडण ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना दोन्ही बाजू कळतील. वरच्यालाही लेकरे आहेत, खालच्यालाही.

दोन पुरे

मग उपाय काय, मुले कमी होणे हाच ना? होय, आणि ते होतच आहे. पण कसे, ते पाहण्यासारखे आहे. १९८० च्या सुमारास इजिप्तमधल्या बाईला सरासरी पाचांहून जास्त मुले होत. त्याच दशकात तिथे जुलाबाने मरणाऱ्या बाळांसाठी मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे घरोघर पोचवली गेली, दूरचित्रवाणीवरून आयांना ते पाणी कसे पाजायचे ते शिकवले. बालमृत्यू झपाट्याने घटले. आधी वस्ती वाढली, पण झाले ते मूल जगते असा आईला भरवसा आला, मुली शाळेत जाऊ लागल्या, आणि २००८ पर्यंत हा आकडा तिनावर आला. २०११ च्या गोंधळानंतर तो पुन्हा चढून साडेतीन झाला, २०२१ मध्ये २.८५. 'दोन पुरे' अशी मोहीमही सरकारने चालवली.

जबरदस्तीचा मार्ग आपण पाहिला आहे. १९७६ मध्ये आणीबाणीत माणसे पकडून नसबंदी केल्याच्या हकिकती आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहेत. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरच केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या धाकाने कुटुंबनियोजनाचे नावच काही वर्षे बदनाम झाले. पुढे धाक नसताना काम झाले. २०१९-२१ च्या पाहणीत भारतात बाईमागे सरासरी दोन मुले आढळली, महाराष्ट्रात १.७. दोनांच्या खाली गेले की वस्ती काही काळाने वाढायची थांबते. चीनची वस्ती २०२२ पासून घटू लागली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाने जगाची वस्ती २०८० च्या दशकात एक हजार तीस कोटींच्या आसपास जाऊन मग उतरू लागेल.

म्हणजे आज जन्मलेले मूल आपल्या म्हातारपणी ही उतरण पाहील. पण तोवर वाट लांब आहे. इजिप्तमध्ये आज ज्या मुली शाळेत आहेत त्या उद्याच्या आया आहेत. मुले कमी होत गेली तरी आयाच इतक्या आहेत की २०५० पर्यंत देश सोळा कोटींच्या आसपास जाईल, असा अंदाज आहे. पाणी तेवढेच, १,९६० टीएमसी, आणि तेही वरच्याने सोडले तर.

आमच्याकडे वाटणीनंतर थोरल्याने नवे घर बांधले. स्लॅब पडला त्या दिवशी मी पाहायला गेलो. चारी कोपऱ्यांना सळया उभ्या ठेवल्या होत्या, पावसाने गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या उपड्या घातलेल्या. त्याला एक मुलगा, एक मुलगी. मुलगा पुण्याला कंपनीत, मुलगी नर्सिंगला. मी विचारले, "दादा, वरचा मजला कोणासाठी?" त्याने वर पाहिले, हातातली थापी बादलीत धुतली आणि म्हणाला, "असू दे. लोखंड आहे, कापायला येतं कधीही."